चारशे सत्तर ओहम

बाबांचा उजवा कान
वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रोडवर राहिला,
पॉवर प्रेसजवळ, एकोणतीस वर्षांच्या हजेरीत.
निरोपाला कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं.
कानाचा विषय निघाला नाही.
घरात आम्ही सगळे त्यांच्या डावीकडे बसायला शिकलो,
कुणी शिकवलं नव्हतं.

कुमुदआत्या पाहुणी. मिळेल ती खुर्ची तिची.
त्या रविवारी उजवी मिळाली.

मी नवीन साउंड कार्ड घेतलं होतं तेव्हा.
तपासायला म्हणून टेबलाच्या दोन टोकांना दोन माइक ठेवले,
एक लोणच्याच्या बरणीला टेकवून,
आणि आत जाऊन विसरलो.
एक तास अकरा मिनिटं. फाइलचं नाव 'टेस्ट दोन'.

त्या श्रावणात आई गेली.
दिवाळीनंतर आत्याने किसननगरची खोली विकली,
आणि बाबा नऊ वर्षं म्हणत राहिले,
"विचारलंसुद्धा नाही मला."
आत्या ऐरोलीला. मध्ये फक्त खाडी,
तिच्यावर पूलसुद्धा आहे.

परवा फाइल सापडली. आईचा आवाज म्हणून
बाबांच्या डोक्यावर हेडफोन चढवला.
डाव्या कानात आई, अगदी जवळ:
"भात घ्या अजून."
मग नुसता कुकर. मग पुन्हा आई:
"अहो, बोला ना काहीतरी."

बाबांनी हेडफोन काढला.
"कशाबद्दल म्हणतेय ही?"

कॉम्प्युटरात दोन बटणांचं काम होतं ते.
पण बाबांना डोक्याला काही नको होतं,
माळ्यावरचा ॲम्प्लिफायर हवा होता,
एक तोंड, एक स्पीकर, पुढची जाळी फाटलेली.

मी डावी-उजवी वायर सोलून पीळ देणार होतो.
गावदेवी मार्केटमागे सुटे पार्ट विकणाऱ्या वैतीबाई
चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"थेट नको बांधूस. डावं उजव्याला ढकलत बसेल,
उजवं डाव्याला, आणि कार्ड जाईल फुकट.
दोघांच्या वाटेत थोडा रोध घाल.
मग जोड. मग भांडत नाहीत."
पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा.
कागदाच्या पुडीवर पेन्सिलीने ४७०.

रात्री डाग दिला. राळेचा धूर नाकात गेला.
दोन तारा, दोन रेझिस्टर, पुढे एकच तार.
लावून बघितलं तर पहिल्यांदा वाईटच वाटलं:
टेबलाची लांबी गेली होती.
कोण कुठे बसलंय ते कळेना,
आई, आत्या, कुकर, पंखा
सगळे एका ताटात वाढल्यासारखे.

बाबा स्पीकरकडे डावा कान करून बसले.

"भात घ्या अजून."
"अण्णा, किसननगरची खोली विकू का रे?"
चमचा.
"गिऱ्हाईक आलंय. तू नको म्हणालास तर नाही विकत."
कुणीतरी ताक ओरपतंय. बाबाच ते.
"अण्णा?"
"अहो, बोला ना काहीतरी."
कुकर. तिसरी शिट्टी.
"बरं," आत्या म्हणाली. हळू. खुर्ची सरकली.

आईलाही वाटलं असावं,
गप्प बसणं हेच त्यांचं उत्तर.
गप्प तर ते बसायचेच.

बाबांनी तीनदा मागे घ्यायला लावलं.
"बारीक बोलायची ती तेव्हा," म्हणाले,
आणि थोड्या वेळाने,
"ताक मीच पीत होतो का?"

मग फोन घेऊन बाल्कनीत गेले,
दार लोटून, डाव्या कानाला लावून.
काचेतून मला त्यांचीच बाजू ऐकू येत होती.
"हां, मीच."
बराच वेळ काही नाही.
"नाही गं. नाही. तसं नव्हतं."
पुन्हा काही नाही. खाली कुणीतरी स्कूटर रिव्हर्स घेत होतं.
"जेवलीस का?"

वैतीबाईंनी पुडीत दहा दिले होते.
आठ उरलेत.